माळ्यावर कोविडची पिशवी सापडली. तुमच्या घरी काय काय केलं होतं?

अंजू_मिरज

पावसाचं पाणी कुठून झिरपतंय ते बघायला परवा माळ्यावर चढले, तर एका कापडी पिशवीत २०२१ सालचा सगळा संसार निघाला. वाफ घ्यायचं प्लॅस्टिकचं भांडं, ऑक्सिमीटर (आतले सेल फुटून हिरवे झालेले), गुळण्यांच्या औषधाची अर्धी बाटली, काढ्याच्या पावडरचं पाकीट दगडासारखं झालेलं, कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी आणि मुलाची शंभरपानी वही. पुरचुंडीतला कापूर कधीच उडून गेलाय, फडक्याला वास मात्र अजून येतो.

वही अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. वेबिल (फेरीतल्या तिकिटांच्या हिशोबाचा तक्ता) भरायची हाताला सवय, त्यामुळे पट्टीने रकाने आखलेत: तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, शेरा. प्रत्येकाचं वेगळं पान. शेऱ्यात 'काढा दिला', 'वाफ दिली', 'कुरकुर केली' (हे माझ्या पानावर).

त्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता. १४ ला ह्यांना कणकण आली, १६ ला आम्ही चौघंही पॉझिटिव्ह. मुलगा तेवढा निगेटिव्ह, तो वरच्या मजल्यावर दिरांकडे. डॉक्टर फोनवर. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, दर सहा तासांनी ऑक्सिजन बघा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. बाकीचं सगळं आईंचं खातं. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी हे सरकारी पत्रकातलं. त्यात आईंची भर म्हणजे गवती चहा, लवंग आणि शेजारच्या परसातला अडुळसा. दिवसातून तीनदा. रात्री हळदीचं दूध, नाकात तिळाच्या तेलाचे दोन थेंब, आणि उशाखाली ती पुरचुंडी, कारण कुठल्याशा व्हॉट्सॅप ग्रुपवर आलं होतं की ती हुंगली की ऑक्सिजन वाढतो.

आता मुद्द्याचं. अण्णांच्या पानावर रोज एकच नक्षी आहे. काढ्याआधी ९३, काढ्यानंतर ९६. आधी ९२, नंतर ९५. 'काढ्याने तीन पॉईंट चढतात' असं त्यांनी खाली लाल पेनाने लिहून ठेवलंय. मी तेव्हा समोर बसून पाहिलंय ते. अण्णा आधी डाव्या करंगळीपासून सुरुवात करायचे, आकडा पसंत पडला नाही की पुढचं बोट. मग स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून फुंकर मारत मारत काढा प्यायचे, आणि प्यायल्यावर उजवं मधलं बोट लावायचे. दहा बोटांतलं सगळ्यात गुणी बोट वहीत.

२२ तारखेला ह्यांनी जबरदस्तीने त्यांना हॉलमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं. चौथ्या मिनिटाला ८८. रिक्षा मिळेना, दिरांनी स्वतःच्या गाडीतून नेलं. एचआरसीटी (छातीचा स्कॅन) स्कोअर २५ पैकी ११, आठ दिवस ऑक्सिजन आणि स्टेरॉईड, महाराष्ट्र दिनाला घरी. तिथेही आईंनी थर्मासमधून काढा पोचवला होता, वॉर्डबॉयला पटवून.

आज अण्णा ७४ वर्षांचे आहेत, ठणठणीत आहेत, आणि येईल त्याला सांगतात की मी काढ्यावर वाचलो. मी काही बोलत नाही. पण मागच्या आठवड्यात मुलाला ताप आला आणि तोच पेला पुन्हा गॅसवर चढला, म्हणून हा धागा. तुमच्या घरी काय केलं होतं, आणि त्यातलं काय खरंच लागू पडलं? फॉरवर्ड आलेलं नको, घरात घडलेलं सांगा.

---

अकोल्याचा_बाळ्या

ताई, काढ्याने मला लागू पडली ती मूळव्याध. एप्रिलातलं अकोला, पारा चाळिशीपार, कूलर बंद (हवा पसरते म्हणून), आणि बायको दिवसातून चारदा मिरी-सुंठेचा काढा पाजतेय. पाचव्या दिवशी तोंड आलं, सातव्या दिवशी बाकीचं. कोविडचा डॉक्टर फोनवर भेटला, मूळव्याधीच्या डॉक्टरकडे मात्र जातीनं जावं लागलं. चौदा दिवस संपल्यावर पहिलं काय केलं असेल तर फ्रिजातलं ताक प्यालो, उभ्याउभ्या, एक तांब्या.

खोकल्यावर मात्र मध चाटल्याने आराम पडायचा, हे खरं. रात्रीची झोप तरी लागायची.

---

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्याकडे अर्सेनिकम अल्बम ३० च्या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटल्या होत्या सगळ्या फ्लॅटमध्ये. नियमाने घेणाऱ्यांना काही झालं नाही. अनुभव आहे म्हणून सांगतो.

---

डोंबिवली_फास्ट_लोकल

आमच्याही सोसायटीत वाटल्या. वाटप समितीत मी होतो. नियमाने घेतल्या. इमारतीतला पहिला पॉझिटिव्ह मीच.

---

परिचारिका_कोकण

अंजूताई, मी त्या काळात तालुक्याच्या कोविड सेंटरला ड्यूटी केली. तुमच्या अण्णांचं गणित मला पुरतं कळलं, कारण असे अण्णा रोज भेटायचे.

बोट गार असलं की रक्त नीट पोचत नाही आणि मशीन आकडा कमी दाखवतं, किंवा दाखवतच नाही. आम्हीसुद्धा पेशंटला तळवे चोळायला सांगायचो. म्हणजे अण्णांनी गरम पेला धरला आणि आकडा सुधारला, यात खोटं काही नाही. गुण पेल्याचा, काढ्याचा नाही. नुसतं गरम पाणी ओतून धरला असता तरी तेवढेच तीन पॉईंट चढले असते. नखाला नेलपॉलिश असेल तरी गडबड होते. एका नव्या नवरीची दहाही नखं आम्ही स्पिरिटने पुसली होती, ती रडली बिचारी.

पण बसून मोजलेल्या आकड्यावर विसंबायचं नसतं. कोविडची खोडच अशी होती की माणूस बसून गप्पा मारायचा, चहा मागायचा, आणि आतून ऑक्सिजन उतरत असायचा. दम लागतोय हेच त्याला कळायचं नाही. म्हणून तर सहा मिनिटं चालवायचं. चालल्यावर तीन-चार पॉईंटने घसरला किंवा बसल्या जागी ९४ च्या खाली आला, की घरी थांबायचं नाही. तुमच्या मिस्टरांनी चालवलं, तिथे खरं काम झालं.

पालथं झोपवणं, हा एक घरचा उपाय म्हणता येईल असा होता ज्याने आकडा डोळ्यांदेखत वर यायचा. एक उशी मानेखाली, एकदोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. पोटं सुटलेले काका लोक फार वैतागायचे. पण तेसुद्धा दवाखान्यात जाईपर्यंतची सोय, दवाखान्याऐवजी नव्हे.

वाफेचं विचाराल तर नाक मोकळं व्हायचं, बास. विषाणू त्याने मरत नाही. उलट पातेलं कलंडून मांडी भाजलेली दोन मुलं मी पाहिली. तुमच्या मुलाला पातेल्यावर वाकवू नका, एवढं ऐका.

एक विचारू? अण्णांची २२ च्या आधीची नोंद काय आहे? एका दिवसात ९५ वरून चालताना ८८, असं सहसा अचानक होत नाही.

---

म्हापशेकार

आमच्या गोव्यात काजूचा मोसम आणि कोविड एकाच वेळी आले होते. थोरल्या मामांनी कपाळाला आणि छातीला फेणी चोळली, सर्दी झाली की आमच्याकडे पूर्वापार चोळतात तशी. मला वास येईना. 'आता घ्राण गेलं की फेणी भेसळीची आहे' असं मामांनी अत्यंत काळजीने विचारलं. म्हणून उर्राकाची (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची) बाटली उघडून नाकाखाली धरली. ज्यांनी उर्राक हुंगलाय त्यांना सांगायला नको, बंद खोलीतसुद्धा शेजाऱ्याला कळतो. मला पाणी.

चव-वास जायला एक दिवस लागला, यायला पाच महिने. आणि आला तो वाकडा. कांदा परतायला घेतला की जळक्या रबराचा वास. कॉफीचा तसाच. बायकोने तीन महिने कांदा अंगणातल्या चुलीवर परतला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी औषध असं काही दिलं नाही. चार वास सांगितले, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वीस सेकंद हुंगायचा आणि हुंगताना तो वास आठवायचा. लवंग आधी परत आली. त्याने आली की येणारच होती, देव जाणे. पण सोलकढीत लसणीचा वास पहिल्यांदा लागला त्या दिवशी मी वाटी घेऊन घरभर फिरलो.

---

ठाणेकर_वहिनी

गुळवेल कोणी घेतली होती का? माझ्या नणंदेच्या यजमानांनी 'प्रतिकारशक्ती' म्हणून तीन महिने रोज गुळवेलीचा काढा घेतला. कोविड झालाच नाही, पण कावीळ झाली. डॉक्टरांनी आधी दारूबद्दल विचारलं, ते माळकरी. मग घरातलं सगळं आणून दाखवा म्हणाले तेव्हा बरणी निघाली. बंद केल्यावर हळूहळू उतरली. मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असे ६ रुग्ण एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, बराच वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, एवढं तरी आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही.

---

सोलापूर_८१

नाकात लिंबाचा रस घालायचा, असं एक आलं होतं त्या दिवसांत, आठवतंय? आणि ती पुरचुंडी. आम्ही आईला दोन्ही केलं. तीन दिवस केलं. आकडा ९१, ९०, परत ९२, मग म्हणायचो वाढतोय की. बेड मिळत नव्हते हेही खरं, पण पहिल्या दिवशी मिळाला असता. ओळखीतून हो म्हणाले होते. आम्हीच म्हटलं उद्या बघू.

जास्त लिहवत नाही. वाचतोय सगळं.

---

परिचारिका_कोकण

@सोलापूर_८१, दादा, त्या एप्रिलमध्ये 'उद्या बघू' म्हणालं नाही असं घर मी पाहिलेलं नाही. आमच्या सेंटरच्या डॉक्टरांनी स्वतःच्या वडिलांबाबत तेच केलं होतं.

---

अंजू_मिरज

सगळ्यांचे आभार. सोलापूरच्या दादांचा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला, त्या उठून आत गेल्या.

सिस्टर, तुमच्या प्रश्नावरून वही पुन्हा काढली. २० तारखेला रात्री ९५ आहे. २१ चा रकाना आखलेला आहे, आकडा नाही. शेऱ्यात 'मीटर बंद' एवढंच. मीटर कसला बंद? माझ्या पानावर त्याच दिवशी सकाळी ११ ला ९८ आहे, आईंच्या पानावर सव्वाअकराला ९७, आणि तिन्ही पानांवर अक्षर अण्णांचंच.

काल संध्याकाळी चहा देताना वही समोर ठेवली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाले, "रामनवमी होती त्या दिवशी. तुझ्या सासूनं तसल्या तापात सुंठवडा केला होता."

मी म्हटलं, ते आठवतंय. मीटरचं काय?

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दुपारी टीव्हीवर नाशिकचं दाखवत होते."

मला लगेच लागलं नाही. मग आठवलं. नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि आतली माणसं गेली ती २१ एप्रिललाच. अण्णा पलंगावरून ते बघत होते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, बंद करा ते. त्यांनी बंदही केला होता.

"किती होता आकडा?" मी विचारलं.

"नव्वद," म्हणाले. "सगळ्या बोटांना नव्वदच. काढा पिऊनसुद्धा."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, 'मीटर बंद' वर एक रेघ मारली आणि बाजूला ९० लिहून सही केली, वेबिलात खाडाखोड झाली की करायचे तशी.