सी विंगची कुंडी आणि "मुद्दाम थोडीच पाडली?"

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी सी विंगच्या ५व्या मजल्यावरून कुंडी पडून बी-२०३ यांच्या स्कूटरचा हेडलाइट आणि मडगार्ड फुटलंय. कोणाला लागलं नाही हे नशीब. सोमवारी कमिटी मीटिंग आहे, तोपर्यंत ग्रुपवर वाद नकोत ही विनंती

प्रधान वहिनी (बी-२०३): वाद नकोत काय, वॉचमन दादा तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभे होते, थोडं इकडेतिकडे झालं असतं तर आज ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली फिरली असती. मी पोलिसात जाणारे.

सावंत (सी-५०१): वहिनी स्कूटरचा खर्च देतो म्हटलंय ना कालच, मग पोलीस कशाला मधे. वाऱ्याने पडली, मुद्दाम थोडीच पाडली मी? हेतूच नाही तर गुन्हा कसला. माझा मेहुणा कोर्टात असतो तोही हेच म्हणाला

तांबे काका: मेहुणा कोर्टात असतो म्हणजे वकील म्हणून की आरोपी म्हणून 😄

रोहन (ए-६०२): काका 😂 पण पॉइंट बरोबर वाटतोय, क्राइम म्हटलं की इंटेंशन लागतंच ना?

तांबे काका: देशपांडे मॅडम आहेत ना ग्रुपवर, ॲडव्होकेट. सांगा हो मॅडम, फी मीटिंगच्या चहात वळती करू

ॲड. देशपांडे (ए-१०४): आत्ता कोर्टातून येतेय, ट्रेनमधे आहे, तुकड्यातुकड्यात लिहिते. सावंत, मेहुणे अर्धं बरोबर बोलले आणि नेमकं जे बरोबर आहे ते स्कूटरबद्दल आहे. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान हा गुन्हा व्हायला नुकसान करायचा उद्देश किंवा ते होणार याची जाणीव लागते, नुसत्या हलगर्जीपणाने स्कूटर फुटली तर ती भरपाईची बाब, फौजदारी नाही.

सावंत: बघा! मी तेच म्हणत होतो

ॲड. देशपांडे: थांबा हो पुढे वाचा. वॉचमन दादांचं काय? भारतीय न्याय संहिता कलम १२५, बेदरकारपणे किंवा हयगयीने असं काही केलं की माणसाचा जीव धोक्यात आला, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला खरचटायचीही गरज नाही. गंभीर इजा झाली तर ३ वर्षांपर्यंत, आणि जीव गेला असता तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. म्हणजे कुंडी फुटली स्कूटरवर पण कायद्याच्या नजरेत खरा प्रश्न त्या माणसाचा आहे ज्याला काहीच झालं नाही.

प्रधान वहिनी: 👏👏

सी-३०१: पाण्याचा टँकर आलाय का? प्रेशर नाहीये

सेक्रेटरी: येतोय ११ पर्यंत

रोहन: मॅडम पण मग इंटेंशनचं काय, ते कुठे मोजतात

ॲड. देशपांडे: पायऱ्या आहेत रे. वर उद्देश, मग जाणीव, मग हयगय. एकच मृत्यू, पण डोक्यात काय होतं त्यावर खून, सदोष मनुष्यवध की हलगर्जीपणा हे ठरतं आणि शिक्षा कुठल्या कुठे जाते. मुंबईतलंच बघ, नोव्हेंबर २००६, कार्टर रोड, पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ गेले ८ जखमी. चालवणारा दारू प्यायलेला. सेशन्स कोर्टाने हलगर्जीपणा धरून ६ महिने दिले. हायकोर्ट म्हणालं नाही, पिऊन वेगात गाडी हाणायची तर कोणीतरी मरू शकतं याची जाणीव असतेच, सदोष मनुष्यवध, ३ वर्षं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे तेच कायम केलं. त्याला कोणालाच मारायचं नव्हतं बरं का, पण "मारायचं नव्हतं" आणि "माहीत नव्हतं" या दोन वेगळ्या गोष्टी.

तांबे काका: पण तो तर नशेत होता, नशेत कसली जाणीव

ॲड. देशपांडे: स्वतःच्या हौसेने प्यायलात तर शुद्धीवर असताना जी जाणीव असती ती होतीच असं कायदा धरून चालतो काका. कोणी न कळत पाजली तर वेगळं.

तांबे काका: आणि नानावटी? आमच्या लहानपणी घराघरात तेच

ॲड. देशपांडे: ते दुसऱ्या टोकाला. नौदल अधिकारी नानावटीच्या गोळीने बायकोचा प्रियकर मेला. गोळी आपलीच हे नाकारलं नव्हतं, झटापटीत सुटली असा बचाव होता, पण खरी चर्चा झाली रागाच्या भरात की थंड डोक्याने यावर. बायको-मुलांना थेटरला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग त्या प्रियकराचं ऑफिस, मग त्याचं घर. स्वतःचं घर सोडल्यापासून मधे तीन तास. ज्युरीने ८-१ ने सोडलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली. तीन तासांत माणूस शुद्धीवर येतो असं कोर्टाचं म्हणणं. (नंतर राज्यपालांनी माफी दिली तो भाग निराळा.)

सावंत: अहो मॅडम कुठे नानावटी कुठे माझी तुळस. आणि कुंड्या कठड्यावर ठेवू नये असा नियम आहे हेच मला माहीत नव्हतं

ॲड. देशपांडे: नियम माहीत नव्हता हे तर कधीच चालत नाही. १९६२ मधे झुरिकहून मनिलाला जाणारा एक जर्मन, जाकिटात ३४ किलो सोनं, विमान मुंबईत थांबलं तर हा खाली उतरलाही नाही. आणि नुसतं इथून पुढे जाणारं सोनंही विमानाच्या मालयादीत दाखवायचं हा नवीन नियम गॅझेटमधे (सरकारी राजपत्रात) छापून चारच दिवस झालेले. हायकोर्टाने सोडला, सुप्रीम कोर्टाने दोषी धरला, परकीय चलनाच्या त्या कायद्याला त्याच्या मनात काय होतं याची गरजच नाही म्हणून. मला स्वतःला तो निकाल कडकच वाटतो, पण आहे. तुमच्याकडे तर गॅझेट नाही, ग्रुप आहे. वर स्क्रोल करा, जून महिन्याची सेक्रेटरींची नोटीस, "पावसाळ्यात कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत". खाली तुमचा अंगठा आहे 👍

रोहन: 💀💀

सेक्रेटरी: हो मी पिन पण केलं होतं ते

सावंत: मी सगळ्याच मेसेजला अंगठा देतो हो, वाचतो कोण

ॲड. देशपांडे: हे वाक्य पोलिसांसमोर बोलू नका. सांगायचं असेल तर खरं ते सांगा, पक्की तार बांधली होती, ती तुटली, असं काही. पुरेशी काळजी घेऊनही घडलं तर तो अपघात. कायद्यातच उदाहरण आहे, कोणी कुऱ्हाडीने काम करतोय, पातं निसटून शेजारच्याला लागलं आणि तो मेला, काळजीत कसूर नसेल तर गुन्हा नाही. तार होती का?

सावंत: सुतळी होती

तांबे काका: सुतळी 🙏

प्रधान वहिनी: हे बघा मला कोणाला आत टाकायचं नाहीये, हेडलाइट मडगार्ड आणि उद्या सकाळच्या आत सगळ्या कुंड्या आत. आणि वॉचमन दादांची माफी मागा आधी, माझी नको

सावंत: आत्ताच खाली जातो. कुंड्या काढतोय, मिसेसपण लागलीये कामाला

डी-४०४: मॅडम एक शंका, आमच्या खिडकीबाहेरचं एसीचं आउटडोअर युनिट गेल्या महिन्यापासून हलतंय, ब्रॅकेट गंजलाय, खाली मुलं खेळतात. हे आता ग्रुपवर लिहावं की लिहू नये?

ॲड. देशपांडे: लिहिलंत की आत्ता. मेकॅनिकला फोन लावा