बोगोटा: पहिला दिवस हलका ठेवा

कोलंबियाच्या राजधानीला, बोगोटाला, चार दिवस ऑफिसच्या कामासाठी जाताना काय सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळ्यात आधी उंची. शहर सुमारे २,६०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. पोचल्यावर धाप लागू शकते, डोकं जड होतं. म्हणून महत्त्वाची मीटिंग शक्यतो दुसऱ्या दिवशी ठेवा, पाणी पीत राहा, त्या रात्री दारू नकोच. शहरालगतचा मोन्सेराते डोंगर तर ३,१५२ मीटरवर. तिथे शेवटी जा. संध्याकाळी गारठा असतो, जाकीट हवंच. रात्री रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नका, हॉटेललाच बोलवायला सांगा. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद. आणि रविवार हाताशी असेल तर कृपा करून झोपून घालवू नका! सकाळी ७ ते दुपारी २ कितीतरी मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, फक्त सायकली आणि चालणारी माणसं.