मदत हवी आहे: विमानांच्या मैदानावर ड्रोन उडवणाऱ्यांसाठी काय नियम असावेत?

नाशिकजवळच्या एका माळरानावर आम्ही काही जण रविवारी सकाळी रेडिओ कंट्रोल विमानं उडवतो. बहुतेक बाल्साच्या हलक्या लाकडाची, थोडी फोमची, दोन पेट्रोल इंजिनवाली. शेतमालकाची तोंडी परवानगी आहे. हल्ली ड्रोनवाली पोरंही येतात. पोरं हुशार आहेत, सोल्डरिंग तर आमच्यापेक्षा सफाईदार करतात. पण ड्रोन धावपट्टीच्या बरोब्बर वर तरंगत ठेवतात आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी इंजिन बंद पडतं. त्यांना हाकलायचं नाहीये. पानभर नियम लिहून शेडमध्ये लावायचे आहेत.

पोरं म्हणतात, २५० ग्रॅमच्या आत कुठलाच नियम नाही आणि ४०० फूट सगळीकडे चालतात. खरं का? ओझर विमानतळाची हद्द इथून साधारण १० किमी आहे. आणि डोळ्यांना गॉगल लावून, ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवणाऱ्यांचं काय करायचं?

प्रतिसाद १
काका, २०२१ चे ड्रोन नियम फक्त ड्रोनला नाहीत, तुमच्या बाल्सालाही आहेत. नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत, पायलट प्रमाणपत्र आणि विमा लागत नाही. कुठे किती उंच उडवायचं हे ठरवणारे झोन मात्र लागू. हौसेसाठी २ किलोपर्यंतही प्रमाणपत्र नको. त्यावर लागतं, म्हणजे ही कटकट पोरांना कमी आणि तुमच्या पेट्रोलवाल्यांना जास्त!

विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फूटच. तरी अंतर मोजून ठरवू नका, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी उघडून बघा. पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोनही (परवानगीशिवाय उड्डाण बंद) जाहीर करू शकतात.

गॉगलवाल्याशेजारी नुसत्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा एक जण हवाच. नियमांतल्या 'मॉडेल'च्या व्याख्येतच ते नजरेच्या टप्प्यात उडवणं अपेक्षित आहे.

प्रतिसाद २
कायदा झाला, आता मैदान. सगळ्यांनी एकाच रेषेत उभं राहायचं, ड्रोनवाल्यांनीही. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्याला 'लँडिंग!' ऐकूच जात नाही. ड्रोन हवेत थांबू शकतं, विमान थांबू शकत नाही, म्हणून बाजूला नेहमी ड्रोनच होईल. 'डेडस्टिक', म्हणजे इंजिन बंद पडलं, अशी हाक आली की धावपट्टी त्या विमानाचीच, वाद नाही.

रिमोट ७२ मेगाहर्ट्झवर चालायचे त्या काळातला क्लिपांचा फळा, म्हणजे कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते क्लिप लावून दाखवणारा, कुणाकडे असेल तर काढा. तेव्हा एका चॅनेलवर दोघं आले की विमान जमिनीत जायचं. आता २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटमुळे ती भीती गेली, पण पोरांच्या गॉगलमधला व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर असतो. एक उडवत असताना दुसऱ्याने त्याच चॅनेलवर बॅटरी लावली की पहिल्याच्या गॉगलमधलं चित्र गचाळ. क्लिप लावल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही, एवढं लिहा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं चार्जिंग गवतापासून लांब, आग लागू शकते. मार्चनंतर तर नक्कीच.

धागालेखक
फळा आहे, माळ्यावर. दोघांचेही आभार. आता पुढचा प्रश्न: आमच्यातल्या एकाचं विमान साडेचार किलोचं आहे. पायलट प्रमाणपत्राचं प्रशिक्षण नाशिकच्या आसपास कुणी घेतलंय का? किती दिवस जातात, खर्च किती येतो?