मदत हवी आहे: बटणावर सुरू होणारी गाडी चोरांपासून कशी जपायची?

मंडळी, आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांची गाडी पहाटे दारातून गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, दोन्ही चाव्या घरातच! कॅमेऱ्यात दोघं दिसले. एक दाराशी अँटेना धरून, दुसरा गाडीजवळ. घरातल्या चावीचा सिग्नल त्यांनी गाडीपर्यंत पोचवला आणि गाडीला वाटलं, मालकच आलाय.

आमचीही गाडी तसलीच. चावी आता सिग्नल अडवणाऱ्या फॅरेडे पाऊचमध्ये ठेवतो (आधी बिस्किटांचा डबा वापरला, पण झाकण नीट बसेना आणि गाडी खुशाल उघडायची). पण २०२२ मध्ये इथेच लंडनमध्ये इयान टेबर या सायबर सुरक्षा तज्ज्ञाची टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली. चोरांनी हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या कॅन बसमध्ये (गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते जाळं) खोटे संदेश घुसवले होते. चावीची गरजच नाही, मग पाऊच काय कामाचं?

पिन टाकल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर कोणी बसवलाय का? वॉरंटी किंवा विम्याची अडचण आली? ओबीडी पोर्टला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ती जागा) कुलूप लावावं का? की जाडजूड स्टिअरिंग लॉकच बरं? खर्चाचा अंदाजही सांगा.