मदत हवी आहे: पोर्तोचं सेराल्व्हेस आणि सोबत द्राक्षबागायतदार सासरे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही चौघं पोर्तुगालमधल्या पोर्तोला जातोय. मी, नवरा आणि सासू-सासरे. नानांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या, आत नाशिकला परत यायचं ही त्यांची पहिली अट. दोरू नदीच्या खोऱ्यातले द्राक्षमळे बघायला ते एका पायावर तयार आहेत. अडलंय ते माझ्या हट्टापाशी, सेराल्व्हेसच्या समकालीन कला संग्रहालयापाशी.

नाना म्हणतात, "भिंतीवर एक ठिपका असतो आणि आपण मान डोलवायची, तेच ना?" भोवतीची बाग १८ हेक्टरची आहे म्हटल्यावर मात्र "म्हणजे पंचेचाळीस एकराला जराशी कमी" हा हिशेब लगेच झाला, वर पाणी कुठून आणतात हीही चौकशी झाली. ओल्डनबर्ग आणि व्हान ब्रुखेन या शिल्पकारांची ती जमिनीत खुपसलेली भलीमोठी लाल खुरपी फोटोत बघून ते खुलले. बाकी शिल्पांवर काही बोलले नाहीत.

तर, नानांचे गुडघे दुखतात, बागेत चढउतार किती आहे? त्यांच्यापुरतं नुसतं बागेचं तिकीट काढावं का? अर्ध्या दिवसात उरकेल? आणि सासूबाईंना अंडंही चालत नाही, त्यांच्या खाण्याचं काय करावं?

– रानजाई

भटकभवानी: रानजाईताई, बागेचं वेगळं तिकीट मिळतं, पण नानांना आतही न्याच. वास्तुकार आल्व्हारो सिझाची ती १९९९ची इमारत चित्रांसाठी नाही, तर खिडक्यांसाठी बघायची. पांढऱ्या भिंतीत अचानक एक चौकोन येतो आणि त्यात फक्त झाडं. आतली प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा ठरावीक चित्राची आस धरून जाऊ नका.

जमीन खाली उतरत जाते. आवारातल्या गुलाबी बंगल्यापासून झाक ग्रेबेरने आखलेली बाग पाण्याच्या पाटासकट पायरीपायरीने उतरते, तळाला तळं आणि त्याच्याही पलीकडे गाई-गाढवं असलेला शेतमळा. नाना तिकडे रमणार, मग परतीचा चढ गुडघ्यांना जाणवणार. म्हणून बाग सकाळी, संग्रहालय नंतर. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी पूल चुकवू नका. चढायचं काही नसतं, खालची जमीनच उतरत जाते. अर्धा दिवस कमी पडेल.

सोनाका: कासा दा म्युझिका मेट्रो स्टेशनवरून बस घ्या. चालत अर्धा तास लागतो, नानांना नको. 'काल्दू व्हेर्द' हे पालेभाजीचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात सहसा सॉसेजचे काप असतात, आधी विचारा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. दोरूत तेव्हा द्राक्षतोडणी चालू असेल, त्या दिवशी नानांना लवकर परत आणायच्या भानगडीत पडू नका!

रानजाई: दोघांचे आभार. पूर्ण दिवस ठेवते. गाई आहेत हे नानांना सांगितलं, तर त्यांनी "कुठल्या जातीच्या?" म्हणून विचारलंय. कुणाला माहीत आहे का?