मदत हवी आहे: फोन घेताना मोठी बॅटरी बघावी की नवी फीचर्स?

नमस्कार मंडळी. माझी ताई अक्कलकुवा तालुक्यात आशा सेविका आहे. पाड्यापाड्यांवर फिरताना तिचा फोन दुपारीच मान टाकतो. डोंगरात रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो, जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो आणि बॅटरी तिथेच संपते. गरोदर बाईसाठी १०८ ला फोन लावायचा असतो तेव्हा १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, गुळगुळीत चालणारा) स्क्रीन आणि फोटोतून माणसं पुसणारं एआय काय कामाचं? माझं मत बॅटरीकडेच झुकतंय. दुकानदार मात्र ५००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीचा, भारी कॅमेऱ्याचा फोन गळ्यात मारतोय.

हल्ली सिलिकॉन-कार्बन बॅटरीचे (सिलिकॉन मिसळल्याने तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावणारे) ७००० एमएएचचे फोन आलेत, तेही फारसे जाड नाहीत. पण सिलिकॉन चार्ज होताना जास्त फुगतं, म्हणून टिकाऊपणाची धास्ती वाटते. असा फोन कुणी वर्षभर वापरलाय का? उन्हाळ्यात तापतो का? तालुक्याच्या गावी बॅटरी बदलून मिळते का? आणि फोन फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवरच ठेवला तर बॅटरीत खरंच फरक पडतो का?

बजेट वीस हजारांपर्यंत. स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात घ्यायचाय.