गोळ्यांची सुरुवात उशिरा होते

गरोदरपणाची नोंद झाली की अंगणवाडीतून आहार आणि आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, मग नवविवाहितांना गरोदरपणाआधीच गोळ्या देणाऱ्या वेगळ्या योजनेची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु वेळेचा हिशेब त्यात सुटतो. गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो) गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांतच मिटते, तेव्हा पुष्कळ मुलींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते, आणि म्हणूनच ती नीट मिटण्यासाठी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल किमान महिनाभर आधीपासून पोटात जायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही तूट नऊ महिन्यांत भरून काढणे अवघड आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी शाळा कायमची सुटली की बहुधा सुटते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठकडून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामासाठी येणाऱ्या नवविवाहितेचे नाव तर गावच्या यादीत असते आणि मुक्काम दुसरीकडे, त्यामुळे आशाताईंची आणि तिची गाठ पडणेच कठीण होते. लोह आहारातूनच मिळेल म्हणावे, तर नागलीची (नाचणीची) भाकरी उत्तमच, मात्र तिचे बळ मुख्यतः कॅल्शियमचे; तिच्यातील लोह अंगी लागण्यासाठी नागलीला मोड आणणे आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असणे उपयोगी पडते, तर जेवणालगतचा चहा (तो आपल्याकडे कोण सोडणार!) नेमके उलटे काम करतो. माझ्या मते गोळ्यांचे वाटप लग्नाच्या नोंदणीपासून आणि मुक्कामाच्या गावीच व्हावे.